‘हा भाग या गाडीला बसतो का?’ : सुट्या भागांच्या एका मोठ्या कॅटलॉगचा डेटाबेस नव्यानं बांधताना

सुट्या भागांच्या कॅटलॉगला दिवसभर एकच प्रश्न विचारला जातो : हा भाग या गाडीला बसतो का? फोटो, किंमत, साठा, वजन हे सगळं त्यानंतर येतं. काउंटरवरचा माणूस कंपनी, मॉडेल, वर्ष आणि इंजिन निवडतो, ‘पुढचे ब्रेक पॅड’ असं शोधतो आणि यादीची वाट पाहतो. या प्रकरणातल्या कॅटलॉगमध्ये ही वाट फार लांबली होती. गर्दीच्या वेळी पडदा कोरा राहायचा, माणूस पुन्हा बटण दाबायचा आणि तीच जड क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) दुसऱ्यांदा रांगेत उभी राहायची.

डेटाबेस मायएसक्यूएल ५.७ वर चालत होता. त्या आवृत्तीचा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, त्यामुळे कधी ना कधी हलणं भागच होतं. पण तोवर जे उपाय झाले, ते सगळे यंत्राभोवती फिरणारे होते. रॅम वाढवली, वाचनासाठी रिप्लिका, म्हणजे डेटाबेसची प्रत, जोडली, आणि कुठलीही क्वेरी अडकली की तिच्यासाठी एक नवा इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी क्रमानं लावलेली यादी, टाकला. त्या इंडेक्सांचं ओझं वेगळंच. टेबलात एक ओळ घालायची तर प्रत्येक इंडेक्समध्येही एक नोंद घालावी लागते. पुरवठादारांच्या याद्या रात्री भरल्या जायच्या, तो लोड लांबत लांबत सकाळच्या गर्दीत शिरू लागला. म्हणजे वाचन वेगवान करायला टाकलेले इंडेक्स लिखाण मंद करत होते, आणि रेंगाळलेलं लिखाण पुन्हा वाचनाला अडवत होतं.

ओळींची संख्या का फुगते, हे एका साध्या हिशेबात दिसतं. एक ब्रेक पॅड घ्या. तो ४० मॉडेलांना बसतो, प्रत्येक मॉडेल सरासरी १२ वर्षं विकलं गेलं आणि दर वर्षी त्यात ३ इंजिनं होती, असं धरू. एका भागाच्या १४४० ओळी झाल्या. असे लाखभर भाग असतील तर मामला १४ कोटींवर जातो. तेवढा डेटा आजच्या यंत्रांना जड नाही. जड होती ती त्याची मांडणी, आणि माझ्या मते या प्रकरणाचं सगळं सार तिथेच आहे.

आधी मोजमाप

पहिलं काम म्हणजे कोणती क्वेरी नक्की खाते आहे, हे बघणं. इथे बहुतेक जण सर्वांत हळू क्वेरी शोधतात. आम्ही यादी एकूण वेळेनुसार लावली, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ गुणिले दिवसभरातल्या फेऱ्या. चित्र लगेच पालटलं. सर्वांत हळू क्वेरी महिनाअखेरच्या एका अहवालाची निघाली, आणि तिनं कुणाचंही काही अडत नव्हतं. सर्व्हरचा खरा वेळ चार प्रकारच्या प्रश्नांत जात होता : गाडीवरून भाग, पार्ट नंबरवरून भाग, भागावरून गाड्या, आणि जुन्या नंबरवरून नवा नंबर. त्यांतही पार्ट नंबरचा शोध सगळ्यांत पुढे. एकेकटी फेरी फारशी जड नव्हती, पण शोधपेटीत प्रत्येक अक्षर टाइप होताच एक क्वेरी सुटत होती.

पार्ट नंबर हा आकडा नव्हे

पार्ट नंबर माणसं मनाला येईल तसे लिहितात. कुणी मधे डॅश घालतं, कुणी जागा सोडतं, कुणी सलग लिहितं. खोक्यावर एक, बिलावर दुसरं, भागावर कोरलेलं तिसरंच. जुन्या क्वेरीत यावर उपाय होता, पण चुकीच्या ठिकाणी. ती रकान्यातल्या प्रत्येक नंबरातून डॅश आणि मोकळ्या जागा काढायची, अक्षरं मोठी करायची आणि मग तुलना करायची. रकान्यावर असं फंक्शन बसलं की त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स कामाचा राहत नाही, कारण इंडेक्समध्ये मूळ रूपं क्रमानं लावलेली असतात, धुतलेली रूपं नव्हेत. वर शोध ‘मधे कुठेही’ असा होता, म्हणजे लाइक या शोध-अटीच्या दोन्ही टोकांना ‘काहीही चालेल’ सांगणारं टक्केचिन्ह. बी-ट्री, म्हणजे नेहमीचा क्रमावर चालणारा इंडेक्स, सुरुवातीच्या अक्षरांवरून वाट काढतो. सुरुवातच माहीत नसेल तर अख्खं टेबल वाचण्यावाचून गत्यंतर नसतं.

उपाय जुनाच आहे : धुलाई वाचताना करायची नाही, लिहिताना करायची. भागांच्या टेबलात ‘शोध-नंबर’ असा एक रकाना घातला, जो मूळ नंबरवरून डेटाबेस स्वतः तयार करून साठवतो. नवा डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएलवर बांधला. त्यात ही सोय १२व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे. मायएसक्यूएल ५.७ मध्येही ती होतीच. कुणी वापरली नव्हती इतकंच. टाइप केलेलं तसंच धुऊन घ्यायचं आणि सुरुवातीपासून जुळवायचं. एक खुबी इथे लक्षात ठेवावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये रकान्याचं कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) ‘सी’ नसेल, तर ‘सुरुवात अशी’ या शोधाला साधा बी-ट्री उपयोगी पडत नाही. कोलेशन तरी बदलावं लागतं किंवा इंडेक्सला पॅटर्न-ऑप्स हा, अक्षरागणिक तुलना करणारा, वर्ग तरी द्यावा लागतो. हे न करता ‘इंडेक्स टाकला तरी फरक पडत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. ज्यांना नंबराचा मधलाच तुकडा आठवतो, त्यांच्यासाठी ट्रायग्राम इंडेक्स (नंबराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे नोंदणारा) ठेवला, पण तो वेगळ्या बटणामागे आणि किमान चार अक्षरांची अट घालून.

धुलाई किती करायची, याला मर्यादा आहे. इंग्रजी ओ आणि शून्य एकच मानावं, अशी मागणी आली होती. ती मुख्य शोधात घेतली नाही. गाडीच्या चॅसिस नंबरमध्ये हा घोळ मुळातच टाळलेला आहे : आयएसओ ३७७९ प्रमाणे त्या १७ अक्षरांत आय, ओ आणि क्यू येतच नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. पार्ट नंबरांना असा कुठलाच नियम नाही. एका अक्षराच्या फरकानं दोन खरे, वेगळे भाग असू शकतात. म्हणून आधी नेमका शोध. काहीच हाती लागलं नाही, तरच ओ-शून्य बदलून पाहायचं, आणि निकालावर ‘तुम्हाला हा म्हणायचा होता का’ असं स्पष्ट दाखवायचं.

स्प्रेडशीटमधून आलेले नंबर हा वेगळाच ताप. सुरुवातीचं शून्य गळून जातं, आणि १२ई५ सारखा नंबर वैज्ञानिक लेखन समजून बारा लाख होऊन बसतो. असा बिघडलेला नंबर दिसायला अगदी शहाणा दिसतो, म्हणून तो पकडायचा तर फाइल आत घेतानाच पकडावा लागतो. जुन्या कोडमध्ये काही ठिकाणी अक्षरी रकान्याची तुलना थेट आकड्याशी होत होती. मायएसक्यूएल अशा वेळी प्रत्येक नोंदीचा आकडा करून बघतं, त्यामुळे इंडेक्स तर वाया जातोच, शिवाय १२३ विचारल्यावर ०१२३ आणि ‘१२३-ए’ हेही निकालात येतात. वेगाचा दोष आणि अचूकतेचा दोष एकाच ओळीत.

गाडी एकदाच लिहायची

खरं खोदकाम फिटमेंटच्या, म्हणजे कोणता भाग कोणत्या गाडीला बसतो याच्या, टेबलात झालं. जुन्या मांडणीत प्रत्येक ओळीत कंपनीचं नाव, मॉडेलचं नाव, वर्ष, इंजिनाचं वर्णन हे सगळं अक्षरांत पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं. काही पुरवठादारांची वर्षं ‘१९९८-२००४’ अशी मजकुरात. ब्रेकचा प्रकार, गिअरबॉक्स, ड्राइव्ह कुठल्या चाकांना, अशा अटी तिसऱ्याच टेबलात ‘गुणधर्माचं नाव’ आणि ‘मूल्य’ अशा जोड्यांनी ठेवलेल्या. ही रचना सुरुवातीला मोहात पाडते, कारण नवा गुणधर्म आला तरी टेबल बदलावं लागत नाही. पण पाच अटी तपासायच्या तर तेच टेबल स्वतःशी पाच वेळा जोडावं लागतं, आणि कोणती अट किती ओळी गाळेल याचा क्वेरी प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कोणत्या वाटेनं चालवायची ते ठरवणाऱ्या डेटाबेसच्या घटकाला, अंदाज येत नाही.

या धंद्यात गाड्यांची संदर्भयादी वेगळी ठेवण्याची पद्धत प्रस्थापित आहे. उत्तर अमेरिकेत ऑटो केअर असोसिएशनच्या एसेस मानकात गाड्यांची यादी वीसीडीबीत आणि भागांचे प्रकार पीसीडीबीत असतात. वर्ष, कंपनी आणि मॉडेल मिळून एक मूळ वाहन बनतं आणि त्याला एक क्रमांक मिळतो. युरोपात टेकडॉक या कॅटलॉगचा के-टाइप (गाडीच्या प्रकाराचा क्रमांक) चालतो, आणि तिथे वर्षाऐवजी उत्पादनाचा महिना-वर्ष ‘पासून-पर्यंत’ असतो. दोन्हींचा गाभा एकच : गाडी एकदाच लिहायची आणि बाकी सगळीकडे तिचा क्रमांक वापरायचा.

नव्या फिटमेंट टेबलात पाचच रकाने राहिले, पाचही पूर्णांक : वाहन, भागाचा प्रकार, भाग, जागा आणि अटींचा संच. ‘जागा’ म्हणजे पुढे-मागे, डावी-उजवी. अटींचे तेच तेच गट हजारो ओळींत येतात, म्हणून प्रत्येक वेगळा गट एकदाच लिहून त्याला क्रमांक दिला.

ओळ बारीक झाल्यानं काय होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. पोस्टग्रेएसक्यूएल डिस्कवरून एकेक ओळ वाचत नाही, ८ किलोबाइटचं अख्खं पान वाचतं. प्रत्येक ओळीला जवळपास २४ बाइटचं शीर्षक आणि ४ बाइटचा निर्देशक लागतो. पाच पूर्णांकांचे २० बाइट आणि भरणी धरली तर ओळ ५२ बाइटच्या आसपास जाते, आणि एका पानात दीडशेच्या वर ओळी मावतात. ओळीचा मजकूरच ४०० बाइटचा असेल, तर त्याच पानात एकोणीसच. तेवढ्याच रॅममध्ये आता आठपट ओळी बसतात. जुनं टेबल मेमरीत मावत नव्हतं म्हणून यंत्र वाढवायचा हट्ट चालू होता. टेबल आक्रसल्यावर त्याच मापाच्या यंत्रात जागा उरली.

वर्षांवर बरीच चर्चा झाली. वर्षांचा पल्ला एकाच ओळीत ठेवावा की प्रत्येक वर्षाची वेगळी ओळ करावी? पल्ला ठेवला तर ओळी कमी होतात, पण ‘या दोन टोकांच्या मधे’ ही अट बी-ट्रीला ‘बरोबर’ या अटीइतकी सोयीची नसते. मॉडेल वर्षावर चालणाऱ्या गाड्यांसाठी वर्षं उकलूनच ठेवली आणि ‘२०११ ते २०१६’ असं एकत्र दाखवण्याचं काम पडद्याकडे दिलं. उत्पादनाच्या तारखेवर चालणाऱ्या गाड्यांना मात्र तारखांचा पल्लाच ठेवला. तिथे महिनावार उकलणं म्हणजे विनाकारण पसारा.

मुख्य इंडेक्स वाहन आणि भागाचा प्रकार या क्रमानं केला आणि उरलेले तीन रकाने त्यातच सोबत ठेवले, म्हणजे उत्तर इंडेक्समधूनच मिळावं, टेबलाकडे जावंच लागू नये. चाचणीत हे छान चाललं. रोजच्या लोडनंतरच्या सकाळी मात्र तीच क्वेरी पुन्हा टेबलाची पानं उघडताना दिसली. क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्सप्लेनच्या निकालात ‘हीप फेचेस’पुढे, म्हणजे टेबलाकडे माराव्या लागलेल्या फेऱ्यांपुढे, मोठा आकडा होता. कारण सरळ आहे : नुकत्याच लिहिलेल्या पानांवर ‘यातलं सगळं सर्वांना दिसतं’ अशी खूण अजून पडलेली नसते, आणि ती पाडण्याचं काम व्हॅक्यूमचं असतं. लोड संपताच व्हॅक्यूम आणि अॅनालाइझ (प्लॅनरची सांख्यिकी ताजी करणारी आज्ञा) चालवणं हा त्या रात्रीच्या कामाचाच भाग केला, आणि तो आकडा शून्याजवळ आला.

प्लॅनरला सांगावं लागलेलं नातं

एक क्वेरी मात्र काही कंपन्यांसाठी विजेसारखी आणि काहींसाठी कासवगतीनं चालत होती : ‘या मॉडेलच्या सगळ्या वर्षांचे सगळे भाग’. प्लॅन पाहिला तर अपेक्षित ओळी वीस आणि प्रत्यक्षात शेकडो.

प्लॅनर वेगवेगळ्या रकान्यांवरच्या अटी एकमेकींपासून स्वतंत्र मानतो. वाहनांच्या टेबलात १ लाख ओळी आहेत, एका कंपनीच्या त्यातल्या दहावा हिस्सा आणि एका मॉडेलच्या पाचशेवा हिस्सा, असं समजा. प्लॅनर दोन्ही गुणतो, पाच हजारावा हिस्सा काढतो आणि २० ओळींची तयारी करतो. पण मॉडेल ठरलं की कंपनी आपोआप ठरते. कंपनीची अट नवं काहीच गाळत नाही. खऱ्या ओळी २०० असतात. २० ओळींना शोभणारा नेस्टेड लूप (एकेका ओळीसाठी दुसऱ्या टेबलात शोध घेण्याची पद्धत) २०० ओळींवर चालतो, आणि पुढे बॉडी प्रकार, इंजिन अशा अटी जोडल्या की चूक गुणाकारानं वाढत जाते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १०व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, हे नातं डेटाबेसला सांगता येतं. कंपनी, मॉडेल आणि बॉडी या रकान्यांवर एकत्रित सांख्यिकी तयार केली, अॅनालाइझ चालवलं आणि प्लॅन सरळ झाला. क्वेरीच्या एका अक्षरालाही हात लावला नाही. गाड्यांच्या डेटात असे एकमेकांना बांधलेले रकाने जागोजागी असतात, म्हणून हे पाऊल मी अशा प्रत्येक कॅटलॉगसाठी आग्रहानं सुचवीन.

बदललेले नंबर

उत्पादक एक नंबर बंद करून दुसरा देतो, पुढे तोही बदलतो. जुन्या व्यवस्थेत ही साखळी प्रोग्रामच्या आत, एकेक क्वेरी करत चालली जायची. नव्यात ती लोडच्या वेळीच रिकर्सिव्ह (आपल्याच उत्तरावर पुन्हा पुन्हा चालणाऱ्या) क्वेरीनं उकलून ‘कोणत्याही नंबरपासून आजचा नंबर’ अशा सपाट टेबलात ठेवली. कधी एका नंबरच्या जागी दोन येतात, आणि दोन पुरवठादारांच्या याद्या एकत्र केल्या की साखळीला गोल वळसा पडल्याचंही आढळतं. त्या नोंदी बाजूला काढून माणसाकडे पाठवल्या. आणि नवा नंबर जुन्याच्या जागी बसतो म्हणून जुना नव्याच्या जागी बसेलच असं नाही. साखळीला दिशा असते, ती पुसू द्यायची नाही.

वेग आला, उत्तर तेच आहे का?

जुनी आणि नवी व्यवस्था काही काळ शेजारी चालवली. खरी क्वेरी जुनीकडून उत्तर घ्यायची, तिची प्रत नवीकडे जायची आणि दोन्हींच्या निकालांतले भाग संच म्हणून ताडून पाहिले जायचे. क्रम वेगळा चालेल. एक भाग कमी किंवा जास्त चालणार नाही. चुकीचा ब्रेक पॅड अर्ध्या सेकंदात दाखवला तरी गाडी लिफ्टवर अडकून पडायची ती पडतेच.

तफावती निघाल्या, आणि त्यांतली सर्वांत बोलकी निघाली रिकाम्या रकान्यातून. एका मॉडेलला ब्रेक डिस्क दोन व्यासांत येते असं धरा, २८० आणि ३०० मिलिमीटर, आणि कोणती बसेल ते इंजिनावर ठरतं. एका पुरवठादाराच्या फाइलीत इंजिनाचा रकाना रिकामा म्हणजे ‘सगळ्या इंजिनांना चालतो’. दुसऱ्याच्या फाइलीत रिकामा म्हणजे ‘आम्ही नोंदवलेलं नाही’. जुनी क्वेरी दोन्ही रिकाम्या जागा एकच समजून दोन्ही डिस्क दाखवायची. अनुभवी माणूस मोजपट्टी घेऊन ठरवायचा, नवखा पहिली डिस्क उचलायचा. आमची नवी मांडणी रिकाम्या जागेला इंजिन क्रमांक देऊ शकत नव्हती, म्हणून तो भाग निकालातून गळत होता. जुनं उत्तर सैल आणि नवं उत्तर अपुरं, म्हणजे दोन्ही चूक.

इथे डेटाबेसच्या कारागिरीनं काही भागणारं नव्हतं. प्रत्येक पुरवठादारासाठी ‘रिकामं म्हणजे काय’ हे विचारून लिहून घ्यावं लागलं. ‘सगळ्यांना’ असेल तर लोड होतानाच ती ओळ त्या मॉडेलच्या प्रत्येक इंजिनावर पसरवली जाते. ‘माहीत नाही’ असेल तर अटींच्या संचात तशी स्पष्ट नोंद होते, आणि पडद्यावर भागाशेजारी ‘व्यास मोजून घ्या’ अशी सूचना दिसते. सगळ्या प्रकल्पात सर्वांत मोलाचं काम मला हेच वाटतं, आणि वेगाच्या कुठल्याही आलेखात ते दिसत नाही.

लोडचा भारही इथेच उतरला. पुरवठादार बहुधा पूर्ण यादी पाठवतात, आणि तिच्यातल्या बहुतेक ओळी कालच्याच असतात. आता प्रत्येक ओळीचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) कालच्याशी ताडून फक्त बदललेल्या ओळी लिहिल्या जातात. पुरवठादारानुसार टेबलाचे विभाग पाडायचा विचार झाला होता. लोडला ते फार सोपं गेलं असतं, पण गाडीवरून विचारलेला प्रत्येक प्रश्न मग सगळ्या विभागांची दारं ठोठावत हिंडला असता. दिवसाकाठी विचारले जाणारे प्रश्न लोडपेक्षा कितीतरी जास्त असतात, म्हणून तो विचार सोडला.

सगळा कॅटलॉग एखाद्या शोध-इंजिनात हलवावा, असाही सल्ला होता. वर्णनातल्या शब्दांच्या शोधाला ती साधनं उत्तम आहेत. पण फिटमेंटचा प्रश्न हो किंवा नाही एवढ्याच उत्तराचा आहे, ‘साधारण जुळतं’ याला तिथे जागा नाही. कॅशही, म्हणजे आधी दिलेली उत्तरं जवळ ठेवणारा साठाही, मुद्दाम शेवटी ठेवला. तो आधी आणला असता तर मंद क्वेरी झाकली गेली असती आणि कालच्या अटी आज दिसत राहिल्या असत्या. मांडणी नीट झाल्यावर तो फक्त कंपनी-मॉडेलच्या निवडयाद्यांपुरता लागला. भाग शोधणारी मुख्य क्वेरी आता इंडेक्सची मोजकी पानं वाचून परत येते, आणि काउंटरवर दुसऱ्यांदा बटण दाबण्याची सवय हळूहळू सुटली.

एक काम अजून हातानंच चालतं. मॉडेल वर्षाच्या यादीतली गाडी आणि उत्पादनाच्या महिन्यावर चालणाऱ्या यादीतली गाडी एकच आहे की नाही, हे नेहमीच नियमात बसवता येत नाही. मॉडेल वर्ष त्या वर्षाच्या जानेवारीआधीच सुरू होतं आणि मधल्या महिन्यांत भाग बदललेले असू शकतात. अशा जोड्या सांभाळायला दोन जाणकार बसतात. त्यांच्यासाठी वेगळा पडदा केला आहे, आणि त्यांनी लावलेली प्रत्येक जोडी कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर लावली याची नोंद डेटाबेसमध्ये राहते.